जिनिंगमध्ये मेंटेनन्स फिटर म्हणून लागताय? पहिल्या हंगामाआधी हे वाचा

दसरा-दिवाळीच्या आसपास हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, राळेगाव, अकोट, दर्यापूर, खामगाव या पट्ट्यातल्या जिनिंग (कापसाची रुई आणि सरकी वेगळी करणारे कारखाने) एकेक करून सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. त्या पाच-सहा महिन्यांत मशीन थांबली की बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग वाढते. अशा ठिकाणी आयटीआय करून नवीन लागलेल्या पोराची पहिल्या आठ दिवसांतच धांदल उडते. वर्कशॉपमध्ये कानशीने जॉब चौकोनी करणं वेगळं आणि रात्रपाळीत ऑपरेटर येऊन “मिस्त्री, नऊ नंबर आवाज करून राहिली” म्हणतो तेव्हा काय करायचं ते वेगळं.

हा लेख त्या पोरांसाठी आहे. उदाहरणं जिनिंगची घेतली आहेत, पण अकोल्याची डाळ मिल असो, गोंदिया-भंडाऱ्याची राईस मिल असो की तेलघाणी, बेअरिंग, पट्टा आणि मोटर सगळीकडे तेच. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात धरा: पार्ट बदलला म्हणजे निम्मंच काम झालं. तो का गेला हे शोधलं नाही, तर नवीन पार्टही त्याच वाटेने जाणार आणि मालक दुसऱ्या वेळी पार्टला नाही, तुम्हाला नावं ठेवणार.

१. ट्रेड आणि कागदपत्रं

मेंटेनन्ससाठी फिटर ट्रेड सगळ्यात उपयोगी. दहावी पास लागते, मुदत २ वर्षं. इलेक्ट्रिशियनही २ वर्षांचा. वेल्डर १ वर्षाचा आहे, पण नुसत्या वेल्डिंगवर बारमाही काम मिळवणं गावाकडे कठीण जातं. फिटर करून वेल्डिंग हाताखाली शिकून घेतलं तर ते जास्त चालतं. राज्यातले आयटीआय प्रवेश ऑनलाइन होतात, दहावीच्या निकालानंतर. फॉर्म भरताना पर्यायांत फक्त जिल्ह्याच्या आयटीआयचं नाव टाकू नका, तालुक्याची आयटीआयही टाका.

जवळ ठेवायचे कागद:

- दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, बँक पासबुक (खात्याला आधार जोडलेलं)
- जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, अधिवास प्रमाणपत्र
- आयटीआय झाल्यावर एनटीसी (राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र) आणि गुणपत्रिका
- पासपोर्ट फोटो आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती नावाच्या स्पेलिंगवर. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. पुढे अप्रेंटिसशिपचा करार आणि पीएफ दोन्ही याच्यावरच अडतात. आयटीआयला असतानाच आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या.

२. अप्रेंटिसशिप सोडू नका

आयटीआयनंतर थेट जिनिंगमध्ये हेल्पर म्हणून लागायचा मोह होतो, कारण पैसे लगेच दिसतात. जमत असेल तर आधी एक वर्षाची अप्रेंटिसशिप करा. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. विदर्भात वेकोलिच्या कोळसा खाणी, कोराडी-खापरखेडा-चंद्रपूर-पारसची वीज केंद्रं, अंबाझरी, भंडारा आणि चांदा इथल्या आयुध निर्माण्या, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतले कारखाने अशा जागा आहेत. इथे मशीनसोबत शिस्तही शिकायला मिळते: वर्क परमिट, कुलूप, लॉगबुक. छोट्या जिनिंगमध्ये ते शिकवायला कोणी बसलेलं नसतं.

करार अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदला गेला आहे आणि त्याचा नंबर तुमच्याकडे आहे, हे पहिल्याच महिन्यात बघा. नोंदणी नसेल तर वर्षभर राबूनही शेवटची परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. नोंदणीसाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. “लावून देतो” म्हणून रक्कम मागणाऱ्याकडे फिरकू नका.

जिनिंगच करायचं पक्कं असेल तर नागपूरला सिरकॉटचं, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे जिनिंगच्या मशीनवरच प्रशिक्षण होतं. हंगामाच्या आधी चौकशी करा, हंगामात तुम्हालाच सवड नसेल.

३. स्वतःची पेटी

कारखान्यात हत्यारं असतात, पण अर्धी हरवलेली आणि उरलेली गोल झालेली. सुरुवातीला एवढं स्वतःचं असू द्या:

- डबल एंड पाने, ६×७ पासून ३०×३२ पर्यंतचा १२ चा सेट. रिंग पाने निदान १० ते २४.
- ॲलन की सेट, १.५ ते १० मिमी
- बॉल पेन हातोडा ५०० ग्रॅम, सोबत तांब्याचा किंवा नायलॉनचा हातोडा
- तीन पायांचा पुलर, ६ आणि ८ इंची
- आतली आणि बाहेरची सर्क्लिप पक्कड
- फिलर गेज, ०.०५ ते १.०० मिमी
- व्हर्नियर १५० मिमी आणि स्टीलची पट्टी
- मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर
- ग्रीस गन
- टॉर्च, गॉगल, एक कुलूप (याचं पुढे)

एकदम घेणं परवडत नसेल तर पाने, ॲलन की आणि क्लॅम्प मीटर आधी. पुलर मागून चालतो. फिलर गेज मागून चालत नाही, कारण मागून आणलेल्या फिलरची पाती वाकलेली असतात आणि वाकलेली पाती खोटं माप देतात.

पाना-बोल्टचं गणित पाठ करा, वर चढल्यावर खाली-वर होत नाही: एम ८ ला १३ चा पाना, एम १० ला १७, एम १२ ला १९, एम १६ ला २४, एम २० ला ३०. नव्या मापाच्या बोल्टांत एम १० चं डोकं १६ आणि एम १२ चं १८ असतं, म्हणून तेही खिशात असू द्या. १८ च्या डोक्यावर १९ चा पाना चालवला की डोकं गोल होतं आणि पुढे छिन्नी लावायची वेळ येते. आटे पाडताना ड्रिल: एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२ मिमी.

४. हात घालण्याआधी कुलूप

यात घाई नको. जिनिंगमध्ये रेचे (कापसातून सरकी काढणारी मशीन) एका ओळीत असतात आणि स्टार्टर बऱ्याचदा पॅनलवर, तुमच्या नजरेआड. तुम्ही नऊ नंबरच्या आत वाकलेले असताना पॅनलजवळचा माणूस “बंद कशी पडली” म्हणून बटण दाबतो. जिनिंगमधले हात-बोटं जाण्याचे अपघात असे घडतात, आणि त्यात कुणाच्याही मनात वाईट नसतं.

क्रम असा ठेवा, दोन मिनिटांचं काम असलं तरी:

१) ऑपरेटरला आणि त्या मशीनला कापूस देणाऱ्या माणसाला तोंडाने सांगा.
२) स्टार्टरचं बटण बंद, मग त्याचा आयसोलेटर (वीज तोडणारा मेन स्विच) बंद. नुसतं लाल बटण दाबणं म्हणजे वीज तोडणं नव्हे.
३) आयसोलेटरला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. पाटीवर नाव आणि वेळ. कुलूप बसत नसेल अशा जुन्या स्विचचे तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवा.
४) शाफ्ट पूर्ण थांबू द्या. ब्लोअरचा पंखा वीज गेल्यावरही बराच वेळ फिरतो.
५) मल्टिमीटरने तिन्ही फेज बघा. मीटर आधी चालू लाइनवर तपासून घ्या. मग स्टार्टचं बटण दाबून बघा, मशीन हलली नाही की पुन्हा बंद करा.
६) काम झाल्यावर हत्यारं मोजा, गार्ड बसवा, माणसं बाजूला आहेत हे बघा. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं.

अंगावर घट्ट कपडे. आपल्याकडे उन्हामुळे तोंडाला आणि गळ्याला दुपट्टा बांधायची सवय आहे, ती मशीनजवळ मोडा. दुपट्ट्याचं टोक शाफ्टवर गुंडाळलं गेलं तर तो ओढून काढायला वेळच मिळत नाही. कडं, अंगठी, मनगटाचा दोरा पेटीत ठेवा. चप्पल नको, बूट.

५. रेचा कसा चालतो ते आधी बघा

डबल रोलर जिनमध्ये दोन रोलर एकमेकांच्या उलट फिरतात. प्रत्येक रोलरला एक स्थिर सुरी दाबून बसवलेली असते आणि मधली हलती सुरी, जिला बीटर म्हणतात, सारखी पुढे-मागे होत असते. कापसाचे तंतू रोलरच्या खाचांना चिकटून स्थिर सुरीखालून ओढले जातात, सरकी मागे अडते, बीटर तिला झटका देतो आणि ती जाळीतून खाली पडते. रोलरवरून रुई, खालून सरकी. हे एकदा डोळ्याने नीट पाहिलं की बिघाड कुठे शोधायचा हे बरचसं कळतं.

सरकीच सांगते मशीनला काय होतंय. मूठभर सरकी उचला, तळहातावर पसरा.

सरकीवर लांब तंतू राहिलेत आणि ते सगळ्या रुंदीत आहेत? रोलर गुळगुळीत झाला असेल, खाचा भरल्या असतील, किंवा सुरीचा दाब कमी आहे. फक्त एका बाजूच्या सरकीवर तंतू आहेत? त्या बाजूला सुरी रोलरपासून सुटली आहे. रुईत फुटकी सरकी दिसते? हलत्या सुरीचं अंतर बघा.

नवीन माणूस करतो ती चूक म्हणजे उत्पादन कमी झालं की स्थिर सुरीचा दाब वाढवणे. थोडा वेळ रुई जास्त पडते आणि सगळे खूश होतात. पण घर्षणाने रोलर तापतो, लवकर झिजतो, मोटर जास्त ॲम्पिअर घेते आणि जळकट वास येऊ लागतो. खरं कारण बहुतेक वेळा बुजलेल्या खाचा असतं. खाचा पाडून घ्या, मग दाब बघा. दाब बघताना रोलरच्या पूर्ण लांबीत निदान चार जागी फिलर घालून बघा, फक्त दोन टोकांना नाही, कारण जुनी सुरी मधोमध वाकलेली असू शकते. नेमकं अंतर त्या मेकच्या पुस्तिकेतलं घ्या. शेजारच्या जिनिंगच्या मिस्त्रीने सांगितलेला आकडा त्याच्या मशीनचा आणि त्याच्या कापसाचा असतो.

६. बेअरिंग: निम्मा पगार याच्यावर आहे

नंबर वाचायला शिका. ६२०५ मधले शेवटचे दोन आकडे पाचने गुणा: २५ मिमीचा शाफ्ट. ६२०६ म्हणजे ३०, ६२०८ म्हणजे ४०. ही पद्धत ०४ पासून पुढे चालते. ००, ०१, ०२, ०३ म्हणजे १०, १२, १५, १७ मिमी. पुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, २आरएस असेल तर रबरी सील. जिनिंगच्या तुसात (हवेत उडणाऱ्या कापसाच्या बारीक तंतूंत) रबरी सीलच टिकतं. सी३ म्हणजे आत जरा जास्त मोकळीक, मोटरसारख्या तापणाऱ्या जागी लागते. दुकानदार “तेच आहे, सी३ नाही एवढंच” म्हणाला तरी घेऊ नका. तापल्यावर साधं बेअरिंग तिथे आवळलं जातं.

बसवण्याचा एकच नियम: जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच जोर. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर पाइप टेकवून मारा, घरात (बेअरिंग ज्यात बसतं त्या हाउसिंगमध्ये) बसवताना बाहेरच्या रिंगवर. आतली रिंग घट्ट असताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला तर तो मार गोळ्यांमधून जातो आणि ट्रॅकवर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग नवीन असतं, पण त्या दिवसापासूनच मेलेलं असतं.

गरम करून चढवायचं तर तेलात, ८० ते १०० अंशांपर्यंत. बेअरिंग भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, तारेने लटकवा. गॅसच्या ज्योतीवर कधीच नाही, एकीकडचा कडकपणा जातो. झाकणवालं किंवा सीलवालं बेअरिंग तेलात तापवू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

ग्रीस घरातल्या मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मं. ठासून भरलं की ते आत घुसळलं जाऊन तापतं. “गरम होतंय” म्हणून आणखी ग्रीस मारणारे पुष्कळ आहेत आणि ते रोज बेअरिंग मारतात. गनच्या तोंडाला आणि निपलला लागलेला तूस आधी पुसा, नाहीतर तोच पहिला आत जातो.

बीटर शाफ्टच्या बेअरिंगवर वेगळी नजर ठेवा. तो शाफ्ट पूर्ण फिरत नाही, थोडासा पुढे-मागे हलतो. त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत नाही आणि ट्रॅक त्याच-त्याच जागी झिजतो. हाताने फिरवून बघितलं तर बाकीचा घेर गुळगुळीत आणि एका जागी खरखर लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काढलेलं बेअरिंग भंगारात फेकू नका. डिझेलने धुवा, कापसापासून लांब नेऊन गॉगल लावून ग्राइंडरने बाहेरची रिंग कापा आणि ट्रॅक उन्हात धरून बघा.

- गोळ्यांच्या अंतराने सारखे खड्डे: बसवताना चुकीच्या रिंगवर मार बसला.
- निळसर-तपकिरी रंग: ग्रीस संपलं किंवा अतोनात तापलं.
- पाट्यावर टाकी लावल्यासारख्या आडव्या रेघांची ओळ: बेअरिंगमधून करंट गेला आहे.
- पूर्ण ट्रॅक राखाडी, खरबरीत: धूळ-तूस आत गेला, सील गेलं आहे.
- गोळ्यांची वाट तिरकी: दोन घरं एका ओळीत नाहीत.
- बाहेरची रिंग बाहेरून आरशासारखी चकचकीत: रिंग घरात फिरत होती, घर सैल झालं आहे. नवीन बेअरिंग घालून ते थांबणार नाही. पंच मारून खड्डे पाडणं हा चार दिवसांचा उपाय, घर बदला किंवा बुश घालून बोअर करून घ्या.

ऑपरेटरने सांगितलेला आवाज ओळखायला लांब स्क्रू ड्रायव्हर घराला टेकवून मूठ कानाला लावतात, ते ठीक आहे, पण फक्त गार्डच्या बाहेर असलेल्या घरावर. तापमान हाताने बघताना लक्षात ठेवा, एप्रिलमध्ये आपल्याकडे हवाच ४०-४५ अंश असते. त्यामुळे “गरम लागतंय” हे शेजारच्या तशाच मशीनशी ताडून बघा. आठ नंबर कोमट आणि नऊ नंबरवर हात टिकत नाही, तर तिथे काहीतरी आहे.

७. पट्टे

बी-५६ मधला बी म्हणजे वरची रुंदी १७ मिमी, ५६ म्हणजे आतली लांबी इंचात. ए ची रुंदी १३, सी ची २२. एका पुलीवर तीन पट्टे असतील आणि एक तुटला तर तिन्ही बदला. जुने दोन ताणले गेलेले असतात, सगळा भार नवीन एकट्यावर येतो आणि तो आधी तुटतो.

पट्टा पहारीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खेचून चढवू नका, आतला दोरा तुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. मोटर पुढे सरकवा, पट्टा हाताने घाला, मग ताण द्या. ताण असा की दोन पुल्यांत १ मीटर अंतर असेल तर मधोमध दाबल्यावर पट्टा साधारण १६ मिमी खाली जावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, नवीन पट्टा बसल्यावर सैल होतोच. ओळ बघायला दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सुतळी ताणा, ती चार जागी टेकली पाहिजे.

पट्टा घसरतोय म्हणून राळ लावू नका. पुलीची खाच बघा. पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल आणि तळ चकाकत असेल तर पुली झिजली आहे, पट्टा कितीही नवीन घाला.

८. मोटर

मुख्य वायरिंग आणि पॅनलचं काम परवानाधारक वायरमनचं. पण फिटरला मोटर वाचता आली पाहिजे. ४१५ व्होल्टवर ५ एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण ७.५ ॲम्पिअर घेते, १० एचपीची १४ ते १५. पक्का आकडा नेमप्लेटवर असतो. तिन्ही फेजला क्लॅम्प लावा. तिन्ही वाढले असतील तर भार जास्त: जाम बेअरिंग, दाबलेली सुरी, आवळलेला पट्टा. एकच वेगळा असेल तर वीज किंवा जोडणीत दोष. एक फेज गेली की मोटर नुसती गुणगुणते आणि उठत नाही; लगेच बंद करा, मिनिटभरात वाइंडिंग जळू शकतं. व्होल्टेज पडलं तरी तोच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते, म्हणून आधी व्होल्टेज बघा.

ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याची सेटिंग वाढवणं ही मोटर जाळायची खात्रीची रीत. आणि स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये एक सापळा आहे. तिथे रिले बहुधा फेजच्या तारेत असतो, म्हणून सेटिंग नेमप्लेटच्या ५८ टक्के ठेवायची. १५ ॲम्पिअरची मोटर असेल तर ८.७. नवीन माणूस १५ वर ठेवतो आणि रिले मोटर जळेपर्यंत गप्प बसतो.

९. गठाणीचा प्रेस

१७० किलोची गठाण दाबणारा हायड्रॉलिक प्रेस नवशिक्याने एकट्याने उघडू नये, एवढंच सांगतो. मोटर बंद केली तरी पाइपात दाब राहतो. आधी दाब सोडा, गेज शून्यावर आलेलं बघा, उचललेल्या भागाला खालून टेकू द्या. गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचं तेल बारीक भोकातून कातडीत घुसतं आणि जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी आत हात सडतो. असं झालं तर तासाभरात मोठ्या दवाखान्यात, आणि डॉक्टरला “दाबाचं तेल गेलं” हे शब्दांत सांगा.

१०. वेल्डिंग आणि आग

वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प वेल्ड करायच्या जागेला लागूनच जोडा. लांब कुठेतरी सांगाड्याला लावला तर करंट वाट काढत बेअरिंगमधून जातो. त्यानेही ट्रॅक खराब होतो.

जिथे ठिणगी उडणार तिथून निदान ३५ फुटांतला कापूस, रुई, तूस हटवा. मशीनच्या वरच्या पट्ट्यांवर साचलेला तूसही झाडा, तो सगळ्यात आधी पेटतो. बादल्या भरून ठेवा, काम संपल्यावर निदान अर्धा तास माणूस बसवा. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत धुमसत राहतो. म्हणून ठिणगी पडलेली रुई पाणी मारून तिथेच सोडू नका, उपसून बाहेर उघड्यावर न्या आणि गंजीपासून लांब पसरा. विजेच्या पॅनलवर पाणी नको, तिथे पावडर किंवा सीओ२. कापसासोबत आलेला खिळा, दगड, तारेचा तुकडा सुरीवर घासून ठिणगी देतो, तेव्हा फीडिंगवरच्या बायांशी आणि माणसांशी नीट बोला. ताई, काका म्हणून दोन शब्द बोललात तर त्या लोखंड काढून तुमच्यासाठी डब्यात जमा करतात, तो डबा बघून कुठल्या गाडीचा माल खराब होता हेही कळतं.

११. वही

२०० पानी वही पुरे. मशीन नंबर, तारीख, तक्रार, काय सापडलं, काय बदललं (बेअरिंगचा पूर्ण नंबर, पट्ट्याचा नंबर), तिन्ही फेजचे ॲम्पिअर. “नऊ नंबर, डावीकडचं ६२०६, २० दिवसांत दुसऱ्यांदा” अशी नोंद दिसली की तिसऱ्यांदा बेअरिंग घालण्याआधी घर आणि ओळ तपासायची बुद्धी होते.

१२. बोलणी करताना

पगार ठरवण्याआधी कापूस जिनिंग-प्रेसिंगसाठी राज्याचा किमान वेतनाचा कुशल कामगाराचा दर बघा. विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून चालू सहामाहीचा घ्या. रात्रपाळी, ओव्हरटाइम आणि हंगाम संपल्यावर ठेवणार की नाही, हे लिहून घ्या. पीएफ कापत असतील तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) नंबर मागा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: फक्त जिनिंग-प्रेसिंग करणाऱ्या हंगामी कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होत नाही. म्हणजे बोट गेलं तर ईएसआयचा दवाखाना आणि भत्ता नाही. भरपाईची जबाबदारी मालकावर येते, पण तुमचं नाव हजेरीपटावर असेल तर ती वसूल करणं सोपं जातं. कामगार भरपाईचा विमा काढला आहे का आणि त्यात तुमचं नाव धरलं आहे का, हे कामावर चढण्याआधीच विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण चांगला मालक याचं वाईट मानत नाही.

१३. हंगाम संपल्यावर

शेवटची गाडी गेली की सगळे निघून जातात, फिटरने पंधरा दिवस थांबावं. पट्टे सैल करा. सुऱ्यांचा दाब सोडा, नाहीतर रोलर एका जागी चेपला जातो. तूस झाडून सुऱ्यांना आणि उघड्या शाफ्टला तेलाचा हात द्या. वहीतून सामानाची यादी काढून मालकाच्या हातात ठेवा, म्हणजे पोळ्याच्या आधी माल येतो. पावसाळ्यात कोणीतरी दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शाफ्ट हाताने सव्वा फेरा फिरवावा; पूर्ण एकच फेरा दिला तर शाफ्ट पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो.

नवीन हंगामात पहिल्यांदा वीज देण्याआधी प्रत्येक मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. उंदीर आणि पाली तिथे घर करतात, तारेचं आवरण कुरतडलेलं असतं. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन बघा. १ मेगाओमच्या खाली असेल तर मोटर ओली आहे: काढा, सुकवा, पुन्हा मोजा. मग एकेक रेचा रिकामा अर्धा तास चालवा, प्रत्येक घरावर लक्ष ठेवा, तिन्ही फेजचे ॲम्पिअर नवीन वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्यानंतरच कापूस सोडायला सांगा.